एका घरात दोन पाणी

"चहा नंतर. आधी बेसमेंट."

कुणाच्याही घरी गेला की उंबऱ्यातच त्याचं हे वाक्य ठरलेलं. नमस्कार नाही, कसे आहात नाही. बूट काढायचा, मफलर तसाच ठेवायचा, खिशातून पेनाएवढी बॅटरी काढायचा आणि जिना कुठे म्हणून विचारायचा. घरवाले बिचारे नवं किचन दाखवायला उत्साहाने पुढे आलेले असायचे, आणि हा तोवर खाली बॉयलरसमोर उकिडवा बसलेला असायचा.

वयाने वडील माणसाला 'तो' म्हणू नये, हे मला कळतं. तोंडावर मी काकाच म्हणायचो. पण इथे मी 'तो'च म्हणणार, कारण त्याने मला फार छळलंय. खोटं कशाला बोला, मला तो माणूस अजिबात आवडत नव्हता. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच. असला तर पुढचं सगळं तुम्हाला लगेच पटेल.

इथे अमेरिकेत वेस्ट विंडसरच्या कडेला आम्ही घर घेतलं तेव्हाची गोष्ट. तो आमच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून, मुलीकडे राहायचा. मुलगी मंजिरी औषधांच्या कंपनीत संशोधनाच्या कामावर. ती दिवसभर बाहेर आणि हा दिवसभर मोकळा. उभी हयात सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात गेलेली. तिथे बॉयलरच्या पाण्याची तपासणी करायचा. रिटायर होऊन अमेरिकेत आला तरी ते पाणी काही त्याच्या डोक्यातून उतरलं नव्हतं. लोकांच्या घरचा चहा पिऊन तो सांगायचा, "तुमच्याकडे सॉफ्टनरमध्ये मीठ जास्त पडतंय." गणपतीच्या जेवणाला कुणी असं बोलतं का, सांगा!

आता आमच्या पाण्याचं सांगतो. आमच्या घराला टाउनशिपचं पाणी नाही, अंगणातल्या बोअरचं आहे, आणि ते महाजड. नळांवर पांढरे थर, बायकोचे केस काथ्यासारखे, आणि मुख्य म्हणजे तूरडाळ शिजेना. माझी आई आमच्याकडेच असते. सहा-सहा शिट्ट्या करूनही डाळीचा दाणा वेगळा राहिला की तिचा चेहरा पडायचा. साताऱ्याची बाई ती, वरणाशिवाय तिचं जेवण होत नाही. म्हणून मी चांगल्यातला वॉटर सॉफ्टनर बसवून घेतला. पाण्यातला चुना तो काढून घेतो आणि बदल्यात मिठातला सोडियम सोडतो. पहिल्याच दिवशी दोन शिट्ट्यांत डाळ मेण झाली. आईने सॉफ्टनरला हळदकुंकू वाहिलं.

त्याच आठवड्यात नवा बॉयलरही बसत होता. आमच्याकडे हीटिंगला गरम हवा नाही, गरम पाणी फिरतं. बेसमेंटमध्ये बॉयलर, तिथून प्रत्येक खोलीत भिंतीच्या पायथ्याशी पाइप. तेच ते पाणी वर्षभर फिरत राहतं. कमी पडलं तर घरातल्या लाइनमधून थोडं आपोआप आत घेतलं जातं. प्लंबरने विचारलं, "बॉयलरची लाइन सॉफ्टनरच्या आधी काढू का?" मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "एका घरात दोन पाणी कशाला रे? आपण चांगलं प्यायचं आणि त्या बिचाऱ्याला जड पाजायचं? पंक्तिप्रपंच करू नये."

मलाही ते पटलं. आमच्याकडे पंगतीत एकाला तूप आणि शेजारच्याला कोरडं असं कधी वाढलेलं मी पाहिलेलं नाही. मी प्लंबरला ऐटीत सांगितलं, "नो, नो. गिव्ह हिम द गुड वॉटर." प्लंबरने खांदे उडवले. घर माझं होतं.

आणि मग वास्तुशांत. साठ माणसं. गुरुजी एडिसनहून आलेले, पूजा झाली, आरती चालू होती, आणि हा बेसमेंटच्या जिन्यातून वर आला. बॅटरी अजून पेटलेलीच. आरती संपायची तरी वाट बघावी! टाळ्यांच्या मधोमध मोठ्याने म्हणाला, "बॉयलरला सॉफ्टनरचं पाणी कुठल्या गाढवाने दिलंय?"

गुरुजींची घंटा थांबली. मी तबक धरून उभा होतो. साठ माणसांसमोर गाढव तबक धरून उभं होतं म्हणा ना.

"काका, ते मी मुद्दाम दिलंय," मी दात खाऊन हसत म्हणालो.

"मग मुद्दाम गाढव," तो म्हणाला आणि पानावर जाऊन बसला. तीनदा वरण मागून घेतलं. जाताना आईला सांगितलं, "वहिनी, वरण एक नंबर. बॉयलर मरणार."

त्या दिवसापासून आमचं वैर. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपवर बघतो तर माझ्या बेसमेंटचा फोटो! माझे पाइप, त्यावर लाल गोल, आणि खाली मजकूर: 'असे करू नये.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लिहिलं, 'साखर कारखान्याचं ज्ञान साखरेपुरतं ठेवावं, ही नम्र विनंती.' चाळीस जणांनी हसरे चेहरे टाकले. त्याने उत्तर दिलं, 'पाण्याला कारखाना कळत नाही.' त्यावर कुणीच काही टाकलं नाही.

माझी मुलगी रिया तेव्हा पंधरा वर्षांची. तिने बॉयलरबरोबर आलेलं पुस्तक प्लॅस्टिकमधून काढून वाचलं आणि जेवताना म्हणाली, "बाबा, द मॅन्युअल सेज द सेम थिंग." मी म्हणालो, "गप जेव." पुस्तक परत प्लॅस्टिकमध्ये घातलं. मला बॉयलरचं काही वाटत नव्हतं हो, मला फक्त तो खोटा ठरायला हवा होता.

पहिला हिवाळा सुरळीत गेला. एप्रिलमध्ये मी ग्रुपवर मुद्दाम लिहिलं, 'आमचा बॉयलर ठणठणीत आहे, काळजीबद्दल आभार.' त्याने नुसतं लिहिलं, 'अजून.'

मी सकाळी प्रिन्स्टन जंक्शनहून गाडी पकडून न्यूयॉर्कला जायचो, संध्याकाळी उशिरा परत. मधल्या वेळात हा आमच्या घरी येतो हे मला बरेच दिवस माहीतच नव्हतं. आई त्याला दार उघडायची. तिलाही दिवसभर मराठी बोलायला कोण होतं? तो खाली जाऊन पाइपला कान लावायचा, वर येऊन वरणभात जेवायचा आणि तिला शिकवायचा.

"वहिनी, अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा घालून काही उकळलंत तर पातेल्याचं काय होतं?"

"काळं पडतं की."

"ह्या बॉयलरचं पोट अ‍ॅल्युमिनियमचं आहे. आणि तुमच्या मऊ पाण्यातला चुना गेला, पण मिठातला सोडियम आला, आणि पाणी तापलं की त्याचा सोडा होतो. तो सोडा रोज त्या पोटाला खातोय."

आईला एका वाक्यात कळलं. संध्याकाळी ती मला सांगायला आली, तर मी तिच्यावरही खेकसलो. "तुझाच ना पंक्तिप्रपंच? आता त्याचं ऐकतेस?" ती आत जाऊन माझं ताट वाढायला लागली. ते मला आजही लागतं.

ऑक्टोबरात एकदा मी लवकर घरी आलो. बेसमेंटमध्ये दिवा. खाली हा बसलेला, बॉयलरच्या खालच्या तोटीला बादली लावून. हातात पाणी तपासायची कागदाची छोटीशी पट्टी, गडद निळी झालेली.

"बघा मालक," तो वर न बघताच म्हणाला. सगळ्यांनाच तो मालक म्हणायचा, आणि त्याच्या तोंडून ती शिवीच वाटायची. "हिरवी चालते, निळी नको. आणि पाइपांत गुडगुडतंय ते ऐकलंत? पाणी कुठेतरी गळतंय, आणि हा नवीन मऊ पाणी पितोय. सॉफ्टनरच्या आधी एक टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड टाकायचा, दोन व्हॉल्व्ह, की ह्याची लाइन वेगळी. अर्ध्या दिवसाचं काम. मी करून देतो."

"तुम्हाला माझ्या घरात कुणी बोलावलं?"

"बॉयलरने."

मग मी सुटलो. चोर म्हणालो, रिकामटेकडा म्हणालो, अजून काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी कारण म्हणून पंक्तिप्रपंचाचंही सांगून टाकलं. माझ्या घरात सगळ्यांना एकच पाणी, म्हटलं, आमच्याकडे भेदभाव नसतो.

तो गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठला. "पंगतीत डायबेटिसच्या माणसाला जिलबी वाढता का हो मालक? वाढत असाल तर बोलणंच खुंटलं. पालथ्या घड्यावर पाणी." बादली तिथेच ठेवून जिना चढला. मी मागून ओरडलो, "पुन्हा ह्या घरात पाय ठेवायचा नाही!" वरती आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात त्याच्यासाठी वाढलेलं ताट होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी घर गार पडलं. बॉयलरवर लाल दिवा. बाहेर सगळं गोठलेलं. आता आईचं सांगायला हवं: तिला दमा आहे, आणि डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं की थंडी अजिबात लागू द्यायची नाही. दुपारपर्यंत तिची छाती वाजायला लागली. दोन स्वेटर, शाल, कानटोपी, हातात पंप, आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर जात होते. माझी बायको स्मिता इलेक्ट्रिक हीटर शोधत दुकानं फिरत होती, सगळीकडे संपलेले. प्लंबर आला, त्याने बॉयलर उघडला आणि मला आत बघायला सांगितलं. पांढरट राखाडी चिखल. बॉयलरचं पोट आतून खाल्लेलं. भाग यायला सहा दिवस, म्हणाला.

आई माझ्याकडे बघत होती आणि बोलायलाही तिला दम पुरत नव्हता. हे माझ्या हट्टाने झालं होतं, दुसऱ्या कुणाच्या नाही.

तेवढ्यात दारावरची बेल. स्मिताने त्याला फोन केला होता. तो दारात, मफलर गुंडाळलेला, मागे गाडी चालू ठेवून मंजिरी.

"सांगितलं होतं," तो म्हणाला.

तुम्हाला वाटेल, असल्या वेळी माणूस मोठं मन दाखवतो. छे. प्लंबरलाही त्याने इंग्रजीत सांगितलं, "आय टोल्ड हिम." संध्याकाळी ग्रुपवर फोटोसकट टाकलं, 'सांगितले होते.' तीन वेळा! मी मोजले आहेत. मात्र हे सगळं नंतर. दारातून तो आधी आईकडे गेला, तिच्यासमोर वाकला आणि तिचे बूट पुढे सरकवले. "वहिनी, बूट घाला. आमच्याकडे पाणी जड आहे, डाळ शिजत नाही, पण घर गरम आहे."

सहा दिवस आई त्याच्या घरी राहिली. दुसऱ्या दिवशी तिचा श्वास खाली बसला. मी रोज संध्याकाळी तिला भेटायला तिथे जायचो आणि त्याच्या हातचा चहा मुकाट्याने प्यायचो. रोज ठरवायचो की आज सॉरी म्हणायचं. शब्द घशाशी यायचे, आणि नेमका तेव्हाच तो म्हणायचा, "काय मालक, आज कोणाची पंगत बसवली?" की झालं! शब्द परत पोटात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते त्याला लागू होतं, आणि मलाही.

नवा भाग आला तेव्हा प्लंबरच्या छातीवर बसून त्याने लाइन बदलून घेतली. बॉयलरला आता सॉफ्टनरच्या आधीचं पाणी, आम्हाला सॉफ्टनरचं. सगळे पाइप धुऊन काढले. आणि बॉयलरशेजारच्या खांबाला खिळा ठोकून त्याने एक पुठ्ठा लावला. त्यावर कागद, कागदावर पट्टीने आखलेले रकाने, दोरीला पेन्सिल. कारखान्यात असायचा तसा तक्ता. महिना, पट्टीचा रंग, शेरा, सही.

"दर महिन्याला बघायचं," तो म्हणाला. "मालकांना जमणार नाही. मी येतो."

आणि तो यायला लागला. मी कामावर असताना. आई दार उघडायची. मी बेसमेंटमध्ये गेलो की तो तक्ता डोळ्यांसमोर लोंबायचा, पण मी तो कधीच वाचला नाही. मुद्दाम. माझ्या घरात माझ्यावर लटकवलेला कागद मी कशाला वाचू? मिठाचं पोतं ओतायचं आणि पाठ फिरवायची.

असं वर्ष-दीड वर्ष गेलं. मग त्याचं येणं थांबलं. आई त्याला भाऊ म्हणायची. ती म्हणाली, "भाऊंना बरं नाही, बघून ये." मी म्हणालो, शनिवारी जातो. किती शनिवार गेले ते विचारू नका. एका सकाळी गाडीत बसलो असताना ग्रुपवर मंजिरीचा निरोप आला. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या चाळीस जणांचेच हात, जे तेव्हा हसले होते. मी फोन पालथा ठेवला. काय टाकणार?

दहाव्या दिवसानंतर आई, स्मिता आणि मी मंजिरीकडे गेलो. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी म्हणालो, "काका फार फटकळ होते." माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

मंजिरी हसली. "पूर्वी नव्हते. कारखान्यात त्यांनी एकदा तक्त्यावर लिहिलं होतं, पाणी बिघडलं आहे, कृपया लक्ष द्यावे, ही विनंती. कुणी वाचलंच नाही. तीन दिवसांनी बॉयलरची नळी फुटली आणि एका माणसाचे दोन्ही हात भाजले. बाबा इकडे येईपर्यंत त्याला भेटायला जायचे. तेव्हापासून ते म्हणायचे, विनंती लिहिली की लोक वाचत नाहीत, शिवी लिहिली की वाचतात. पुन्हा कधी विनंती म्हणून लिहिलं नाही त्यांनी."

खरं सांगतो, तरीही माझ्या मनात आलं की म्हणून काय आरतीच्या मध्ये गाढव म्हणायचं? मी काही एका दिवसात संत होणारा माणूस नाही.

घरी आल्यावर कोट न काढताच बेसमेंटमध्ये गेलो. खांबावरचा पुठ्ठा काढला आणि पहिल्यांदा तो तक्ता वाचला. अक्षर मोत्यासारखं. रंगाच्या रकान्यात दर महिन्याला 'हिरवा'. शेऱ्याच्या रकान्यात:

'पाणी ठीक. मालक गाढव.'

'पाणी ठीक. मालक कामावर आहे, बरे झाले.'

'मिठाचे पोते बॉयलरला टेकवून ठेवले आहे. गाढव.' त्याच्या पुढे: 'पोते मी हलवले. कंबर धरली.'

'पाणी ठीक. वहिनींची छाती आता वाजत नाही.'

'मालक तक्ता वाचत नाही. लिहायला मोकळीक आहे. गाढव, गाढव, गाढव.'

मी एकटाच मोठ्याने हसलो. वरून आईने विचारलं, काय झालं रे? मी काही नाही म्हणालो. मग शेवटची ओळ आली. अक्षर जरा हललेलं.

'पाणी ठीक. आता जिना उतरवत नाही. पुढच्या महिन्यापासून मालकांनी स्वतः बघावे, ही विनंती.'

त्याच्या खालच्या ओळी कोऱ्या होत्या. त्या नोंदीला तीन महिने झाले होते.

पुठ्ठ्यामागे त्यांचं चष्म्याचं जुनं घर रबर लावून अडकवलेलं होतं. आत पट्ट्या. मी कोपऱ्यातली बादली घेतली. ऑक्टोबरात ते ठेवून गेले होते तीच. तोटीखाली लावली आणि बॉयलरसमोर उकिडवा बसलो. गुडघे कुरकुरले. पट्टी पाण्यात बुडवली आणि धरून राहिलो. हळूहळू रंग आला. हिरवा.

पेन्सिल दोरीला होतीच. महिना लिहिला, रंग लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात 'पाणी ठीक' लिहिलं, पुढे 'मालक गाढव' लिहिलं, आणि खाली माझी सही केली.